दहावीनंतर वाट वेगळी निवडली, तरी पदवीपर्यंत कसं पोहोचायचं?

दरवर्षी जूनमध्ये आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात मार्गदर्शनाचं टेबल लागतं. समोर बसणाऱ्या पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "सर, एवढ्या टक्क्यांना कुठे नंबर लागेल?" मी आधी गुणपत्रिका मागतो, कारण कुठल्या विषयात किती गुण पडले आणि मुलगा कुठल्या वाटेने इथवर आला, हे कळल्याशिवाय टक्क्यांवरून काहीच सांगता येत नाही.

एका मुलाची गुणपत्रिका मला पाठ झाली आहे. बारावी सायन्स, 62 टक्के. घरात पेढे वाटून झाले होते आणि इंजिनिअरिंगचं नक्की झालं होतं. मी विषयांवरून बोट फिरवलं : भौतिकशास्त्र 40, रसायनशास्त्र 48, गणित 41. तिन्हींची बेरीज 129. खुल्या प्रवर्गासाठी इंजिनिअरिंगला या तीन विषयांत मिळून 45 टक्के, म्हणजे 300 पैकी 135 गुण लागतात. मुलाचे सहा गुण कमी पडत होते. इंग्रजी, मराठी आणि भूगोल यांनी टक्केवारी वर ओढली होती, पण पात्रता ठरवताना त्यांना कुणी विचारत नाही. सीईटीचा, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षेचा, पर्सेंटाइल चांगला होता, तरी त्याला पात्र धरलं जाणार नव्हतं. वडील बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिले. "पण पास आहे ना तो?" एवढंच म्हणाले.

पास होणं आणि पात्र असणं यातला हा फरक अकरावीचा फॉर्म भरतानाच घरोघरी कळायला हवा. भौतिकशास्त्र आणि गणित यांच्या जोडीला तिसरा विषय रसायनशास्त्रच असला पाहिजे असं नाही. जीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान किंवा तांत्रिक व्यावसायिक विषयही चालतो. या मुलाने सहावा विषय भूगोलाऐवजी जीवशास्त्र घेतला असता आणि त्यात 54 गुण मिळवले असते, तर तो पात्र ठरला असता. "भूगोलात मार्क पडतात" हा सल्ला त्याला कुणी तरी चांगल्या मनानेच दिला होता.

बारावी सायन्सवाल्यांसाठी आणखी एक गोष्ट. राज्याच्या सीईटी कक्षातर्फे होणाऱ्या एमएचटी-सीईटीत पीसीएम (भौतिक, रसायन, गणित) आणि पीसीबी (भौतिक, रसायन, जीवशास्त्र) असे दोन गट असतात. पीसीएममध्ये गणिताचे 50 प्रश्न प्रत्येकी दोन गुणांचे, भौतिक आणि रसायनचे 50-50 प्रश्न प्रत्येकी एका गुणाचे, असे एकूण 200 गुण. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. साधारण 80 टक्के प्रश्न बारावीचे, 20 टक्के अकरावीचे. म्हणून अकरावी हे 'आरामाचं वर्ष' म्हणून सोडून दिलेल्यांचं हमखास नुकसान होतं. निकाल येतो तो पर्सेंटाइलमध्ये, आणि पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. 90 पर्सेंटाइल म्हणजे तुमच्याबरोबर परीक्षा दिलेल्या दर शंभरातले नव्वद जण तुमच्या बरोबरीचे किंवा मागे आहेत. इंजिनिअरिंगची गुणवत्ता यादी या पर्सेंटाइलवर लागते. बारावीचे गुण फक्त दार उघडण्यापुरते, म्हणजे त्या 45 टक्क्यांसाठी. राखीव प्रवर्गातल्या महाराष्ट्राच्या विद्यार्थ्यांसाठी ही मर्यादा 40 टक्के आहे.

डिप्लोमा आणि आयटीआयचा हिशेब

त्या 62 टक्क्यांच्या मुलापुढे दोन रस्ते होते. पुरवणी परीक्षेत श्रेणीसुधार योजनेखाली पुन्हा पेपर देऊन गुण वाढवायचे, किंवा पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला जायचं. बारावी सायन्स झालेल्याला डिप्लोमाचं पहिलं वर्ष करावं लागत नाही, हे अजूनही खूप घरांत ठाऊक नसतं. दोन वर्षांत डिप्लोमा, मग डिप्लोमाच्या जोरावर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला, आणि पुढे तीन वर्षं. एकूण पाच. सरळ गेला असता तर चार लागली असती. एक वर्ष जास्त, पण हातात डिप्लोमाही. त्याने हाच रस्ता धरला.

आता हाच हिशेब दहावीपासून मांडून बघू. दहावीनंतर अकरावी-बारावीची दोन वर्षं आणि इंजिनिअरिंगची चार, एकूण सहा. दहावीनंतर डिप्लोमाची तीन वर्षं आणि थेट दुसऱ्या वर्षापासून इंजिनिअरिंगची तीन, तेही सहा. एकही वर्ष वाया जात नाही आणि सीईटी द्यावी लागत नाही, कारण डायरेक्ट सेकंड इयरची गुणवत्ता यादी डिप्लोमाच्या गुणांवर लागते. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय, तिथून पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला म्हणजे आणखी दोन, आणि मग इंजिनिअरिंगची तीन, असे मिळून सात. आयटीआय केलेला मुलगा 'शिक्षणातून गेला' असं गावात सर्रास बोललं जातं. प्रत्यक्षात तो सरळ रस्त्याने गेलेल्यापेक्षा एकच वर्ष मागे असतो, आणि वायरिंग, फिटिंग किंवा वेल्डिंग त्याच्या हाताला आधीच सरावलेलं असतं.

थेट दुसऱ्या वर्षासाठी मंजूर जागांच्या 10 टक्के जागा वेगळ्या असतात, शिवाय पहिल्या वर्षाच्या रिकाम्या राहिलेल्या जागांवरही प्रवेश होतात. म्हणून ज्या कॉलेजात पहिल्या वर्षाला नंबर लागणं अवघड असतं, तिथे डिप्लोमाच्या चांगल्या गुणांवर शिरता येतं. बीएस्सी झालेल्या मुलांनाही हा दरवाजा उघडा आहे. त्यांचं बारावीला गणित मात्र झालेलं हवं.

या वाटेचा खाचखळगाही सांगायला हवा. डिप्लोमाची मुलं वर्कशॉपमध्ये आणि ड्रॉइंगमध्ये सरस असतात, पण इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाचं गणित त्यांनी केलेलं नसतं. तिसऱ्या सत्रात 'एम-थ्री', म्हणजे गणिताचा तिसरा पेपर, समोर येतो आणि पहिल्या महिन्यातच घाम फुटतो. माझा एक विद्यार्थी दसऱ्याच्या सुट्टीत वही घेऊन आला होता. पहिल्या पानावर डिफरन्शियल इक्वेशन उतरवून घेतलेलं आणि खाली पेन्सिलीने लिहिलेलं, 'हे कुठून आलं?' आम्ही सुट्टीचे आठ दिवस बसून बारावीचं कलनशास्त्र, म्हणजे डेरिव्हेटिव्ह आणि इंटिग्रेशन, पुन्हा केलं. तेवढ्याने तो सावरला. म्हणून डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाची परीक्षा झाली की निकालाची वाट बघत दोन महिने घालवू नका. बारावीचं गणिताचं पुस्तक आणा आणि तेवढी दोन प्रकरणं घट्ट करा.

फार्मसीतही असंच आहे. डी.फार्म झालेल्याला बी.फार्मच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं.

आर्ट्स-कॉमर्स घेतलं म्हणून सगळं बंद?

नाही, पण काही दारं खरोखर बंद होतात आणि ते आधी स्पष्ट सांगणं मी कर्तव्य समजतो. बारावी आर्ट्स किंवा कॉमर्सवरून मेडिकल, इंजिनिअरिंग, फार्मसी, बीएस्सी कृषी यांना थेट जाता येत नाही. सायन्समधून आर्ट्स-कॉमर्सकडे वळता येतं, उलट प्रवास अवघड आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2025 च्या नियमांनी यात फट पाडली आहे. बारावीची शाखा कोणतीही असो, राष्ट्रीय किंवा विद्यापीठ पातळीवरची त्या विषयाची प्रवेश परीक्षा उत्तीर्ण झाल्यास पदवीला प्रवेश देता येईल, असं ते नियम म्हणतात. पण नियम निघणं आणि तो आपल्या कॉलेजच्या माहितीपुस्तिकेत उतरणं यात वेळ जातो. ज्या कॉलेजात जायचं, त्याची यंदाची पुस्तिका वाचल्याशिवाय या नियमावर विसंबू नका.

पण जी दारं उघडी आहेत, ती कितीतरी आहेत. पाच वर्षांच्या एलएलबीला बारावी कोणत्याही शाखेची चालते. खुल्या प्रवर्गाला 45 टक्के, इतर मागासवर्गाला 42 आणि अनुसूचित जाती-जमातींना 40. पदवी झालेल्यांसाठी तीन वर्षांचा एलएलबी वेगळा. फाइन आर्ट, हॉटेल मॅनेजमेंट यांनाही शाखेची अट नाही, पण त्यांच्या स्वतंत्र सीईटी असतात. आणि इथे एक नवा बदल दरवर्षी कुणाला ना कुणाला गोत्यात आणतो. बीबीए, बीसीए, बीएमएस हे अभ्यासक्रम 2024 पासून तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आले आणि त्यांनाही सीईटी लागू झाली. मोठ्या भावाने चार वर्षांपूर्वी थेट कॉलेजात फॉर्म भरला होता, म्हणून धाकटा निकालाची वाट बघत बसतो. निकाल लागतो तोवर सीईटीच्या नोंदणीची मुदत कधीच संपलेली असते.

नर्सिंगचं उदाहरण मला मुद्दाम द्यायचंय, कारण गावातल्या आर्ट्सच्या मुलींसाठी ती वाट फार मोलाची आहे. बीएस्सी नर्सिंगला बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र लागतं आणि आता त्याचीही सीईटी असते. पण जीएनएमला, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाला, आर्ट्सची मुलगीही जाऊ शकते; बारावीला इंग्रजी आणि 40 टक्के हवेत. जीएनएम पूर्ण करून नोंदणी झाली की पोस्ट बेसिक बीएस्सी नर्सिंग दोन वर्षांचं, आणि हातात पदवी. म्हणजे अकरावीला सायन्स न घेताही नर्सिंगची पदवी मिळते, फक्त वळसा पडतो. माझ्या एका विद्यार्थिनीने अकरावीला आर्ट्स घेतलं, कारण सायन्सचं कॉलेज तालुक्याला होतं आणि एसटी दिवसातून दोनदाच. ती आज पोस्ट बेसिक करून नोकरीला आहे. तिला ही वाट शाळेतल्या शिपाईमावशींनी सांगितली होती, आम्हा शिक्षकांपैकी कुणी नाही. हे मी विसरलेलो नाही, आणि त्या वर्षापासूनच मी जूनमध्ये टेबलाशी बसायला लागलो.

सुटलेला विषय, सुटलेली शाळा

अकरावीला गणिताची धास्ती घेऊन फक्त जीवशास्त्र घेतलं आणि नंतर इंजिनिअरिंग करावंसं वाटलं, किंवा उलट, गणित घेतलं आणि आता डॉक्टर व्हायचंय. अशा मुलांसाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस, हा मोठा आधार आहे. तिथे बारावी झालेल्याला सुटलेले एक ते चार विषय वेगळे देता येतात. नीट, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेच्या, बाबतीत तर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2023 मध्ये स्पष्टच केलं की बारावीनंतर अतिरिक्त विषय म्हणून जीवशास्त्र उत्तीर्ण झालेला विद्यार्थीही परीक्षेला बसू शकतो. नीटला वयाची वरची मर्यादाही आता नाही.

शाळाच सुटली असेल तर दोन मार्ग. राज्य मंडळाचा सतरा नंबरचा फॉर्म, म्हणजे शाळेत न जाता खासगी विद्यार्थी म्हणून दहावी-बारावीला बसायचं. किंवा एनआयओएस, जिथे विषय निवडायची मोकळीक जास्त आणि एकेक पेपर सवडीने देता येतो. आयटीआय केलेल्याला तिथे ट्रेडचं श्रेय धरून उरलेले विषय देऊन बारावीचं प्रमाणपत्र घेता येतं. सतरा नंबरचा फॉर्म हा शब्द आपल्याकडे जरा कुजबुजत उच्चारतात. तसं करायचं काही कारण नाही. गुणपत्रिका मंडळाचीच असते, तिची किंमतही तीच.

मग पदवीचं काय? नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ 1989 पासून नेमक्या अशाच लोकांसाठी उभं आहे. एमआयडीसीत पाळीत काम करणारे, शेत सांभाळणारे, लग्नानंतर शिक्षण थांबलेल्या बायका. रविवारी एखाद्या अभ्यासकेंद्रात जाऊन बघा, आई आणि मुलगी एकाच बाकावर बसलेल्या दिसतात. मान्यताप्राप्त मुक्त विद्यापीठाची पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची असल्याचं विद्यापीठ अनुदान आयोगाने 2022 मध्ये पुन्हा स्पष्ट केलं. त्याच वर्षापासून एका वेळी दोन पदव्या करायलाही परवानगी आहे, त्यामुळे कॉलेजात बीकॉम आणि मुक्त विद्यापीठातून दुसरं काही, असं जोडता येतं. फक्त इंजिनिअरिंग, वैद्यकीय, नर्सिंग, कायदा असे अभ्यासक्रम दूरशिक्षणातून होत नाहीत. 'घरबसल्या इंजिनिअरिंगची पदवी' अशी जाहिरात दिसली, तर पैसे भरू नका.

पदवी अर्धवट सोडलेल्यांनाही आता परतायला जागा आहे. नव्या शैक्षणिक धोरणात पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका, तिसऱ्यानंतर पदवी आणि चौथ्यानंतर ऑनर्स असे टप्पे आहेत. मिळवलेली क्रेडिट्स, म्हणजे उत्तीर्ण केलेल्या विषयांचे श्रेयांक, 2021 मध्ये सुरू झालेल्या अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये जमा राहतात. तुमच्या मुलाचा एबीसी आयडी काढलेला आहे का आणि त्यात क्रेडिट्स दिसतात का, हे वर्षातून एकदा तपासा. कॉलेजने ती चढवलेली नसली, तर शिकत असतानाच मागे लागणं सोपं जातं.

महाराष्ट्राबाहेर शिकलेली मराठी मुलं

कॅपच्या, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, फॉर्ममध्ये उमेदवाराचा 'टाइप' विचारतात आणि तिथे पुष्कळ जण अडखळतात. दहावी-बारावी दोन्ही महाराष्ट्रात झाली आणि अधिवास इथला किंवा जन्म इथला, तर टाइप ए. शिक्षण बाहेर झालं पण विद्यार्थी, आई किंवा वडील यांचं महाराष्ट्राचं अधिवास प्रमाणपत्र आहे, तर टाइप बी. वडील नोकरीसाठी इंदूर, बडोदा, हैदराबादला गेले आणि मुलगी तिथे शिकली, तरी ती राज्याच्या जागांमधून बाद होत नाही. केंद्र आणि राज्य सरकारच्या कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी सी आणि डी. टाइप ई मात्र फारच थोड्यांना माहीत असतो. महाराष्ट्र-कर्नाटक वादग्रस्त सीमाभागातल्या 865 गावांमधली, मातृभाषा मराठी असलेली मुलं या प्रकारात अर्ज करू शकतात. बेळगाव-निपाणीकडच्या कुणी नातेवाईक असतील, तर त्यांच्या कानावर हे जरूर घाला.

आखाती देशांत काम करणाऱ्या भारतीयांच्या मुलांसाठी तंत्रशिक्षणात वाढीव जागा असतात. रत्नागिरी-रायगडातल्या किती घरांना याचा उपयोग आहे, ते तिथल्या माणसांना सांगायला नको. परदेशी मंडळातून शिकून आलेल्यांनी बारावीची समकक्षता भारतीय विद्यापीठ संघाकडून आधी काढून ठेवावी. प्रवेश सुरू झाल्यावर ती काढायला घेतली, तर राउंड हातचे जातात.

कागद

शेवटी सगळं कागदांवर येऊन थांबतं, आणि माझ्या टेबलासमोर सर्वांत जास्त रडारड याच पायी होते. नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र त्या शैक्षणिक वर्षाच्या 31 मार्चपर्यंत वैध असावं लागतं. म्हणजे 2026-27 च्या प्रवेशासाठी 31 मार्च 2027 पर्यंतचं. आदल्या वर्षीचं घेऊन आलेली मुलं दर जूनमध्ये दिसतात. जात वैधता, म्हणजे व्हॅलिडिटी, निकालानंतर नव्हे, अकरावीत असतानाच अर्ज करून ठेवा. समितीकडे महिने लागतात, आणि वेळेत व्हॅलिडिटी नसेल तर राखीव जागा हातची जाते. मध्ये वर्ष गेलं असेल, तर गॅपचं प्रतिज्ञापत्र. दुसऱ्या मंडळातून आलात तर मायग्रेशन प्रमाणपत्र.

आणि नाव. गेल्या वर्षी एका मुलीच्या दाखल्यावर वडिलांचं नाव 'ज्ञानोबा', जातीच्या प्रमाणपत्रावर 'ज्ञानेश्वर', आधारवर तिसरंच स्पेलिंग. माणूस एकच, पण पडताळणी करणाऱ्याने फॉर्म परत पाठवला आणि दुरुस्तीची मुदत उरली होती दोन दिवस. वडील सेतू केंद्रात रात्री आठपर्यंत बसून होते. प्रतिज्ञापत्र झालं, फॉर्म वेळेत गेला. दहावीच्या परीक्षेचा फॉर्म भरताना सगळे दाखले एकदा शेजारी-शेजारी ठेवून वाचले, तर ही धावपळ होत नाही.

फीबद्दलही माहिती करून घ्या, कारण तिच्याच धास्तीने कित्येक मुलींचा अर्जच होत नाही. जुलै 2024 पासून महाराष्ट्रात आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. अनुसूचित जाती-जमातींसाठी शिष्यवृत्ती आधीपासून आहेत. शिवाय ट्यूशन फी माफीच्या वेगळ्या पाच टक्के जागा असतात. पसंतीक्रम भरताना त्यांचा स्वतंत्र पर्याय निवडावा लागतो, तो आपोआप मिळत नाही. मुलींच्या फीमाफीसाठी प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून झालेला असावा लागतो. कॅपच्या राउंडची वाट न बघता कुणाच्या ओळखीने संस्था स्तरावरची, म्हणजे कॉलेज स्वतः भरतं ती, जागा पक्की केली, की माफी गेली.

पसंतीक्रम भरताना एवढं पाळा : पहिल्या क्रमांकावर तेच कॉलेज टाका, जे मिळालं तर खरंच जायचं आहे. पहिली पसंती मिळाली की ती जागा गोठते, पुढच्या राउंडला बदलता येत नाही. फॉर्म भरताना मोबाइल नेट कॅफेवाल्या दादाच्या हातात देऊन चहाला जाऊ नका. मुलाने स्वतः, कागदावर आधी उतरवलेली यादी समोर ठेवून, एकेक नाव वाचत भरावा, आणि पावतीची प्रिंट त्याच प्लास्टिकच्या फाइलमध्ये ठेवावी, जिच्यात बाकीचे दाखले आहेत.